नाशपाती की वांगं

तोमोएला बुधवारपासून एकच घोर लागला होता. रविवारी पोर भर बसमध्ये नाशपातीला नाशपाती म्हणेल, की वांगं?

परक्याला यात हसू येईल, पण जपानातल्या इझुमोच्या मुलखात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. इथल्या माणसांच्या जिभेला 'शी' आणि 'सू' वेगळे काढता येत नाहीत. 'ची' आणि 'त्सू'चंही तेच. दोहोंच्या मधला, थोडा नाकात अडकलेला असा तिसराच आवाज निघतो. नाशपाती म्हणजे 'नाशी' आणि वांगं म्हणजे 'नासू'. पण इथल्या बाजारात दोन्हींची आरोळी एकच, गिऱ्हाईक बोट दाखवून काय ते घेतं. सुशी, काजळी आणि सिंह, तिन्ही कानाला सारखेच. नकाशा म्हणालात काय आणि गव्हर्नर म्हणालात काय, ऐकणाऱ्यानं प्रसंग पाहून समजून घ्यायचं. आपापसांत कुणाचं काही अडत नाही. अडतं ते बाहेरचा माणूस आला की. त्यात या मुलखाचं नशीब असं की प्रांताचं नाव शिमाने, सरोवराचं नाव शिंजी आणि त्या सरोवरात सापडणाऱ्या काळ्या शिंपल्यांचं नाव शिजिमी. जी अक्षरं तोंडात बसत नाहीत, नेमकी तीच कुणीतरी वेचून इथल्या नावांत भरून ठेवली होती.

आणि अशा मुलखात तोमोएची एकुलती एक मुलगी टूरच्या बसवर गाईड झाली होती.

मुलीचं नाव चिझुरू. बाळंतपणात तोमोएनं मोठ्या हौसेनं ठेवलेलं. पण आजोळचे, शेजारचे, एवढंच काय, खुद्द बापही तिला 'त्सुझुरू' म्हणत असे. ती स्वतःही. सातवी-आठवीत असताना एकदा शाळेतून तणतणत आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "आई, तू क्योतोला कॉलेजात शिकलीस ना? मग ज्या पोरीला स्वतःचं नाव घेता येणार नाही, तिच्यासाठी असलं नाव कसं काय सुचलं तुला?"

तोमोएला स्वतःला ते नाव स्वच्छ घेता येत होतं, म्हणून सुचलं होतं.

क्योतोच्या कॉलेजात ती गेली तेव्हा तिची जीभही इथलीच होती. वसतिगृहातल्या मुली रोज संध्याकाळी तिच्या खोलीत जमत आणि गोड आवाजात विचारत, "तोमोए, आज जेवायला काय मागवायचं गं?" तिनं सुशी म्हटलं की उशांत तोंडं खुपसून हसत. पुढे पुढे तिनं सुशी खाणंच सोडलं. मग बोलणं सोडलं. मग आरशासमोर बसून, जीभ दातांच्या मागे कुठे टेकते ते पाहत, ती एकेक अक्षर नव्यानं शिकली. गावी परतली, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, मुलांकडून मोठ्यानं वाचन करून घ्यायला लागली, सरोवरात शिंपल्या काढणाऱ्या तोकुओशी लग्न केलं, पण त्या अक्षरांवरचा पहारा तिनं कधी उठवला नाही. घरातही ती पुस्तकासारखी शुद्ध बोलायची. तोकुओ म्हणायचा, "आमच्याकडे रेडिओ घ्यायची गरज पडली नाही."

चिझुरूला गाईडच व्हायचं होतं. लहानपणी सहलीच्या बसमध्ये पांढरे हातमोजे घातलेली, टोपी तिरपी ठेवलेली ताई तिनं पाहिली आणि ठरवून टाकलं. बारावी झाल्या झाल्या तिनं कंपनीत नाव घातलं, तिथल्या वसतिगृहात राहायला गेली आणि वर्षभर थोरल्या गाईडच्या हाताखाली, बसच्या पायरीवर उभी राहून शिकली. सुट्टीला घरी आली की स्वयंपाकघरात सराव चाले. डाव हाच माईक. बापाला उशीवर प्रवासी म्हणून बसवायचं आणि आपण त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं. गाईडचं तोंड प्रवाशांकडे असतं, त्यामुळे 'उजव्या हाताला पाहा' म्हणताना स्वतःचा डावा हात वर करायचा, हे तिनं चांगलं घोटलं होतं.

"मंडळी, आपल्या उजव्या हाताला पाहावं…"

"उजव्या हाताला मोरी आहे," तोकुओ सांगायचा. "तुंबलीय. आईला सांग."

"बाबा, प्रवासी मध्ये बोलत नाहीत!"

"मी पैसे भरलेला प्रवासी आहे. चहा कुठाय?"

तोमोए ओट्याशी उभी राहून ऐकायची. डावा-उजवा हात कधी चुकला नाही. पण प्रत्येक 'शी'ला तिचं हातातलं काम थांबायचं. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की पोरीनं युक्ती काढली आहे. ती त्या शब्दांना वळसा घालून जायची. शिमाने न म्हणता 'आपला हा प्रांत'. शिंजी न म्हणता 'समोरचं हे विशाल जल'. शिंपल्यांना 'तळ्यातली काळी रत्नं'. तोकुओला ते फार काव्यमय वाटलं. तोमोएनं मात्र ओट्याकडे तोंड फिरवलं. कॉलेजात असताना तीही असेच वळसे घालायची. त्यानं दमायला किती होतं, ते तिला ठाऊक होतं.

दर बुधवारी ती वसतिगृहावर फोन करी. "त्रास नाही ना गं? कुणी हसलं नाही ना?" पलीकडून दरवेळी तेच उत्तर येई, "नाही गं आई, सगळं छान आहे." त्या बुधवारी मात्र चिझुरू म्हणाली, "रविवारी माझी एकटीची पहिली फेरी आहे. नाशपातीच्या बागेपासून दीपगृहापर्यंत. ओसाकाच्या बाजारपेठेतल्या बायकांचं मंडळ येतंय."

फोन ठेवल्यावर तोमोएनं आपलं ताट बाजूला सारलं. ओसाकाच्या बायका! त्या तर सरळ बोलणाऱ्यालाही सोडत नाहीत.

"जाऊ दे गं," तोकुओ ताटावरून म्हणाला. "नाशपाती काय, वांगं काय, दोन्ही शेवटी पोटातच जातात."

"तुम्ही कधी बाहेर गेला नाहीत, म्हणून तुम्हाला सुचतं."

"बाहेर रोज जातो. होडीतून."

शनिवारी तिनं कंपनीत फोन करून शेवटच्या रांगेतली एक जागा घेतली, माहेरच्या नावावर.

रविवारी सकाळी योनागो स्टेशनबाहेर बस उभी होती. तोमोएनं रुंद काठाची हॅट घातली होती आणि सर्दीचा म्हणून तोंडाला पांढरा मास्क लावला होता. दारात चिझुरू उभी. निळा गणवेश, तिरपी टोपी, हातमोजे दुधासारखे शुभ्र. येणाऱ्या प्रत्येकाला कमरेत वाकून ती "यावं, यावं" म्हणत होती. तोमोए खाली मान घालून तिच्या समोरून गेली तेव्हाही ती तशीच वाकली. ओळखलं नाही, असं वाटून तोमोएला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही.

शेवटच्या रांगेत खिडकीशी आधीच एक बाई बसली होती. साधा करडा कोट, साठीच्या घरातली. डोळे मिटलेले. बस सुटायच्या आधीच झोप लागलेल्या या बाईचा तोमोएला हेवा वाटला.

पुढच्या सगळ्या जागा ओसाकाच्या बायकांनी भरल्या होत्या. त्यांची म्होरकी कुरामोतो काकू. ओसाकाच्या पेठेत तिचं सुकवलेल्या मासळीचं दुकान होतं, आणि आवाज दुकानाच्या पायरीवरून चौकापर्यंत जाईल असा. बस स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत तिनं सगळ्यांना, ड्रायव्हर आदाची काकांनासुद्धा, लिमलेटच्या गोळ्या वाटल्या होत्या. तोमोएच्या हातावर दोन ठेवून म्हणाली, "मास्कखालून ढकला. तुम्ही कुठल्या?"

"क्योतोची," तोमोए म्हणाली. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"अगंबाई, क्योतो! म्हणूनच बोलणं कसं रेशमी. आमचं आपलं गोणपाट."

चिझुरूनं माईक हातात घेतला. सुरुवात बरी झाली. 'आपला हा प्रांत' झाला, 'समोरचं विशाल जल' दुपारी येणार असं झालं. तोमोएचे ओठ मास्कखाली तिच्याबरोबर हलत होते. सगळं पाठ होतं तिला. मग डोंगराच्या उतारावर बाग दिसायला लागली. फांद्या मांडवावर पसरलेल्या, फळांना कागदी पिशव्या बांधलेल्या. बसमध्ये माना लांब झाल्या.

"मंडळी, आता आपण अशा एका बागेत शिरतो आहोत," चिझुरू म्हणाली, "जिथे लागतं एक गोल, हिरवट-पिवळं, रसाळ फळ…"

"कलिंगड!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गोल, आणि… झाडाला लागणारं…"

"नारळ!"

"अगं पोरी, कोडं काय घालतेस?" कुरामोतो काकू म्हणाली. "नाव सांगून टाक की. आम्ही वय झालेल्या बायका, तोवर मरून जाऊ."

आता वळसा घालायला जागा नव्हती. चिझुरूनं श्वास घेतला. तोमोएनं मास्कखाली जीभ दातांमागे नेऊन ठेवली, जणू तिथून ढकललं तर पोरीच्या तोंडून नीट पडेल.

"तर मंडळी, खाली उतरा आणि झाडावरची पोटभर वांगी तोडून खा!"

बसमध्ये जो हशा उठला, त्यानं आदाची काकांचा पाय ब्रेकवर गेला.

"झाडावर वांगी! आमच्याकडे बाई जमिनीलगत लागतात!"

"कच्चीच खायची का गं? मीठ तरी दे!"

"माझ्या सुनेला सांगते, सासू इझुमोला जाऊन झाडावर चढली वांग्यांसाठी!"

चिझुरूचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती वाकली, "माफ करा" म्हणाली आणि दार उघडून आधी खाली उतरली. तोमोएच्या कानात मात्र ओसाका नव्हतं, क्योतो होतं. उशांत दाबलेलं ते हसू. तिला वाटलं, उठावं, कुरामोतो काकूच्या समोर उभं राहावं आणि सांगावं, माझी मुलगी आहे ती. शेजारच्या करड्या कोटवालीनं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. बागेत सगळ्या बायकांच्या हनुवटीवरून रस गळत होता. तोमोएनं एक फळ सोललं आणि तसंच हातात धरून बसली.

मात्सुएच्या किल्ल्यावर तर आणखी वाईट झालं. चिझुरूच्या आवाजातला जीवच गेला होता. पायऱ्या, बुरूज, काळ्या फळ्यांच्या भिंती, खंदकातल्या होड्या, सगळं सांगितलं, पण कॅसेट लावल्यासारखं. हसू ठरलेल्या जागी, हात ठरलेल्या जागी. एकीनं दुसरीला कुजबुजून विचारलं, "पोरीला लागलं की काय आपलं बोलणं?" दुसरी म्हणाली, "आपण काय वाईट बोललो?" कुरामोतो काकूनं गोळ्यांची पिशवी उघडली आणि पुन्हा बंद केली.

दुपारी सरोवराकाठच्या खानावळीत जेवणं झाली. पाणी शांत होतं, लांबवर शिंपल्या काढणाऱ्यांच्या होड्या होत्या. त्यातली एक आपल्या घरची असेल हे तोमोएला माहीत होतं, म्हणून तिनं तिकडे पाहिलं नाही. प्रत्येकीसमोर शिंपल्यांच्या सूपची वाटी आली. चिझुरू टेबलांच्या मध्ये उभी राहिली.

"ही… ही आपल्या तळ्यातली काळी रत्नं…"

"बाळा, ऐक," कुरामोतो काकूनं हातातल्या काड्या खाली ठेवल्या. "सकाळी आम्ही हसलो. मला रागावायचं असेल तर रागाव. पण खरं सांगू? सकाळपासून तू जे जे बोललीस, त्यातलं मला तेवढं एक वांगंच आठवतंय. बाकी सगळं छापील होतं. ते वांगं पुन्हा एकदा म्हण ना गं. हसण्यासाठी नाही. म्हणजे, हसूच, पण तुला नाही."

तोमोएनं टेबलाची कड घट्ट धरली.

चिझुरूनं डोक्यावरची टोपी किंचित मागे सरकवली. घरी, सरावाच्या वेळी, बापाला उलट उत्तर द्यायचं असलं की ती पदर खोचल्यासारखी बाह्या वर करी. तसंच काहीतरी.

"काकू, तुम्हाला काय माहीत आमची अडचण," ती म्हणाली, आणि ती शिकवलेली भाषा नव्हती. ती अगदी घरची होती, नाकातली, सरोवराकाठची. "आमच्या इथं नाशपाती आणि वांगं सख्ख्या बहिणी. एकीला हाक मारली की दुसरी येते. मी पहिलीत होते. पितरांचे दिवस होते. आई म्हणाली, आजोबांना नैवेद्याला नाशपाती हवी, शेजारच्या आजीकडून टोपलीभर आण. आमची आई शिक्षिका. तिनं नाशपाती अगदी शुद्ध म्हटली. पण निरोप घेऊन मी गेले, आणि शेजारच्या आजीला तो माझ्या तोंडून कळला."

"मग?"

"मग काय! टोपलीभर वांगी. तुम्हाला माहीतच आहे, पितरांना परत जायला आपण वांग्याला काड्यांचे पाय लावून गाय करतो. बाबांनी टोपली पाहिली आणि आईला काही न विचारता बसले पाय लावायला. संध्याकाळी देवघरासमोर हा गाईंचा कळप! आईनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, म्हाताऱ्याला खायला काही नाही, पण जाताना काय थाट!"

खानावळीतल्या कपबशा हलल्या. स्वयंपाकघरातून मालकीण बाहेर आली, काय झालं म्हणून. कुरामोतो काकू टेबलावर हात आपटत होती. "आजोबा गेले का गं शेवटी?"

"गेले असतील. पण काकू, कुठल्या गाईवर बसावं यावरून बराच उशीर झाला असणार."

तोमोएला तो दिवस लख्ख आठवत होता. त्या संध्याकाळी ती रागावली होती. पोरीला समोर बसवून दहा वेळा 'नाशी' म्हणायला लावलं होतं, रडेपर्यंत. पोरीनं त्यातलं रडणं सोडून दिलं होतं आणि गाई तेवढ्या ठेवल्या होत्या. मास्कखाली काहीतरी खदखदायला लागलं. तिला वाटलं हुंदका आहे. पण तो बाहेर आला तेव्हा ते हसू होतं, आणि ते काही केल्या आवरेना. मास्क उचलून घेतलेला सूपचा घोट नाकात गेला. करड्या कोटवालीनं पुढे होऊन तिच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"आणि आमची आई," तिकडे चिझुरू सुटलीच होती, "घरात, दारात, बाजारात सगळीकडे शुद्ध. फक्त झोपेत आमच्यासारखी बोलते. बाबा म्हणतात, रात्री एक ओळखीची बाई भेटते, बरं वाटतं."

हे तोमोएला माहीत नव्हतं. तिचे कान मास्कच्या दोऱ्यांपर्यंत तापले.

तिथून पुढे बसचा रंगच पालटला. चिझुरूनं शिमाने म्हटलं, शिंजी म्हटलं, शिजिमी म्हटलं, जसं येईल तसं, आणि बायका तिच्यामागून तसंच म्हणायला लागल्या. नकाशा उघडा म्हणाली की अर्ध्या बसनं "गव्हर्नरसाहेब, उघडा!" असा गजर केला. इझुमोच्या देवळात बाकी सगळीकडच्यासारख्या दोन टाळ्या वाजवून बायका मागे फिरल्या, तर चिझुरूनं दोन्ही हात पसरून वाट अडवली. "इथं चार. दोन तुमच्या, दोन तुमच्या जोडीदाराच्या. जोडी जुळवणारा देव आहे, अर्धं काम चालत नाही."

"मी विधवा आहे गं."

"मग तर चार हव्यातच, काकू. देवाला जागा रिकामी असल्याचं कळायला नको?"

"मेले, ऐकलंत का!" कुरामोतो काकूनं चार टाळ्या अशा वाजवल्या की कबुतरं उडाली. तोमोएनंही चार वाजवल्या. काय मागावं हे मात्र तिला सुचेना. सकाळी घरून निघताना मागणं तयार होतं, पोरीची जीभ सुधार म्हणून. आता ते मागायला जीभ रेटेना.

दीपगृहापाशी वारा सुसाट होता. समुद्रावर ऊन पिवळं पडलं होतं. तोमोए कठड्याशी उभी होती आणि वाऱ्यानं तिची हॅट उचलली.

"अगं बाई, माझी टोपी, टोपी!" ती ओरडली. टोपी म्हणजे 'बोशी'. पण वाऱ्यात जे ओरडलं गेलं ते 'बोशी' नव्हतं. ते सरोवराकाठचं होतं, नाकातलं, कितीतरी वर्षांत जागेपणी न उच्चारलेलं.

पांढऱ्या हातमोज्यातल्या हातानं हॅट झेलली. चिझुरू चालत आली, दोन्ही हातांनी हॅट पुढे धरली आणि कमरेत वाकली, अगदी जशी कुठल्याही प्रवाशासमोर वाकेल तशी.

"सांभाळा हं, पाहुण्या. इथल्या वाऱ्याला दुसऱ्याच्या टोप्यांची हौस आहे." मग वाकलेलीच असताना, आवाज खाली आणून म्हणाली, "आणि आई, संध्याकाळची गाडी चुकवू नकोस. बाबांनी स्वयंपाकाला हात घातला तर घर जळेल."

"तू… कधी ओळखलंस?"

"सकाळी दारातच. माझ्या बसमध्ये अशी तोंड झाकून, मान खाली घालून चढणारी दुसरी कोण असणार?" आणि सरळ उभी राहून, मोठ्या आवाजात, "मंडळी, बस सुटायची वेळ झाली!"

परतीच्या वाटेवर बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून झोपल्या. चिझुरू पुढच्या घडीच्या खुर्चीवर बसून आदाची काकांशी हळू आवाजात बोलत होती. करड्या कोटवालीनं आता कुठे दोन्ही डोळे उघडले.

"मी कागेयामा," ती म्हणाली. "गाईड मुलींची प्रमुख. पहिल्या फेरीला मी मागे बसते. आणि दर पहिल्या फेरीला माझ्या शेजारी तोंड झाकलेली एक आई असते. मागच्या वर्षी एक तर वडीलही होते, तोंडापुढे हातपंखा धरून."

तोमोएला कुठे तोंड लपवावं ते कळेना. मास्क तर होताच. "कागेयामा बाई, मग तुमचं… तिच्याबद्दल काय मत झालं?"

"बोलण्याला आमच्या कंपनीच्या मापानं गुण द्यायचे तर नापास. आणि दर वेळी ओसाकाच्या काकू येतील असं नाही. कधी टोकियोचे साहेब येतील, तक्रारही करतील. ते मी बघून घेईन, माझं कामच ते. पण अडचण वेगळी आहे. गेल्या आठवड्यात चिझुरू माझ्याकडे आली आणि म्हणाली, मला तिकिटाच्या खिडकीवर बसवा."

"खिडकीवर? ती? तिला बस लागते का?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाली, बाई, मला काही होत नाही. पण आईला झोप लागत नाही. दर बुधवारी विचारते, कुणी हसलं नाही ना म्हणून. मी नाही म्हणते आणि तिला खरं वाटत नाही. खिडकीवर बसले की काचेआडून कोण ऐकतंय, मग आई निवांत झोपेल." कागेयामा बाईनं कोटाची बटणं लावली. "मी म्हटलं, आधी एक फेरी एकटीनं मार, मग सांग. उद्या सकाळी मला पुढच्या महिन्याच्या नेमणुका लावायच्या आहेत. खिडकीची जागा खरंच रिकामी आहे. ती मागेल तर मी देईन."

"पण आज तर तुम्ही पाहिलंत ना! ती किती…" तोमोएचा आवाज चढला. पुढे एक बाई झोपेत कुशीवर वळली.

"मी पाहिलं," कागेयामा बाई म्हणाली. "पण झोप माझी उडालेली नाही, तुमची उडालीय. तिला मी कितीही राहा म्हटलं, तरी ती माझं थोडीच ऐकणार?"

मात्सुए स्टेशनवर बस रिकामी झाली. ओसाकाच्या बायकांनी चिझुरूचे खिसे गोळ्यांनी भरले. कुरामोतो काकूनं तिचे दोन्ही गाल धरले आणि इथल्या बोलीत, जमेल तितक्या नाकातून, तिचा निरोप घेतला. ते इतकं वाईट जमलं की आदाची काका स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. चिझुरूला बोलायला वेळ नव्हता. तिला डेपोत जाऊन बस झाडायची होती, काचा पुसायच्या होत्या. ती पायरीवर उभी राहून, बस वळेपर्यंत, सगळ्यांना हात हलवत राहिली. तोमोएलाही, पाहुण्यांइतकाच.

तोमोए फलाटावर बसली. तिची गाडी आली, दारं उघडली, थोडा वेळ थांबली आणि तिच्याविना निघून गेली. तोकुओ स्वयंपाकाला हात घालेल, घालू दे.

ती मनात बोलणं जुळवायला लागली. 'चिझुरू, आजच्या अनुभवावरून मला असं वाटतं की तू तुझ्या निर्णयाचा फेरविचार करावास.' हे शाळेच्या परिपत्रकासारखं वाटत होतं. 'माझी काळजी करू नकोस.' हे खोटं होतं. काळजी उद्याही वाटणार, टोकियोचे साहेब आले की तर फारच. मग खरं काय होतं? खरं एवढंच, की आज बसमध्ये लोक तिच्या पोरीला हसले होते, आणि नंतर पोरीनं त्यांना हसवलं होतं, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे हे तोमोएला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बुधवारच्या फोनवर ती नेहमी पहिलंच विचारत आली. दुसरं कधी विचारलंच नाही. आज कुणाला हसवलंस, हे.

खिडकीची जागा मागू नकोस, असं तिला सरळ सांगायचं होतं. माझी झोप मी बघेन, नाही लागली तर तुझे बाबा आहेत गप्पा मारायला. आणि हे असलं काही पुस्तकी भाषेत सांगता येण्यासारखं नव्हतं, निदान तिला तरी.

आज रविवार होता, बुधवार नव्हे. वसतिगृहाची मालकीण फोनवर दचकेल, काय झालं, घरी सगळं ठीक ना, म्हणून विचारेल. विचारू दे. एव्हाना पोर डेपोतून परतली असेल, पाय कोमट पाण्यात घालून बसली असेल, खिशातल्या गोळ्या मैत्रिणींना वाटत असेल.

तोमोएनं मास्क काढून पर्समध्ये ठेवला, फलाटाच्या टोकाला असलेल्या लाल फोनकडे पाहिलं आणि उठली.